पान मिटेपर्यंत

पंचापकेशरावांशी बोलायचं तर बोलणं संपल्यावर 'झालं' असं म्हणावं लागतं. नाही म्हटलं, तर ते उत्तरच देत नाहीत. रागाने नव्हे, अगदी प्रेमाने. मान जराशी डावीकडे कलते, दोन्ही हात टेबलावर येतात, आणि ते तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. तुमच्या पोटात अजून काहीतरी शिल्लक आहे याची त्यांना पक्की खात्री असते. तुम्ही गप्प, तेही गप्प. बऱ्याच वेळाने ते हळूच विचारतात, "जालें का?"

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस मला चांगला आठवतो. ते मराठी आहेत असं कळल्यामुळे मी आनंदाने त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "सर, माझं टेबल कुठलं?" त्यांनी मान कलती केली. काही बोलेनात. मला वाटलं, मराठी फक्त नावापुरतंच असेल, म्हणून इंग्रजीत विचारलं. मग हिंदीत. शेवटी मला तमिळचे जे दोन शब्द येत होते ते दोन्ही वापरून विचारलं, "सार, टेबल एंगे?"

"जालें का?" ते म्हणाले.

"झालं," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"खिडकीकडचें. चार वेळां विचारायचें कारण नव्हतें, म्मा. पहिल्यांदांच कळलें होतें." 'म्मा' म्हणजे तिकडचं 'बाई'.

त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी तंजावरला आले, आणि येताना जी मराठी बरोबर घेऊन आले ती त्यांनी तशीच जपून ठेवली आहे. जुनं पत्र कुणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवावं, तसं त्यांचं बोलणं ऐकू येतं. पहिला आठवडाभर मला वाटे, हे माझी थट्टाच करताहेत. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात शिकलेला, तिथल्या कारखान्यात वडिलांनी नोकरी केलेला हा माणूस महाराष्ट्रात आयुष्यात दोनदाच आलाय, तोही लग्नांना. ऑफिसात सगळे त्यांना पंचू सार म्हणतात.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मी सांगलीची. समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की उरलेलं निम्मं मी पूर्ण करते. आई मला लहानपणापासून म्हणते, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग." मी मुलगी असूनही ती हीच म्हण वापरते. फोनवर ती "अगं ऐक, काल ना" म्हणाली की मी लगेच, "मावशी आली होती, कळलं." बऱ्याचदा माझं बरोबर येतं. चुकलं तरी वेळ वाचतोच, असं मला वाटायचं.

अशा मला त्यांनी आपल्या समोरच्याच टेबलावर बसवलं.

एकदा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीचा त्यांना फोन आला. तिने आपलं सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि थांबली. पंचू सारही थांबले. ती "हॅलो सर?" म्हणाली. यांना वाटलं, पुढचं येतंय. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर तिचं पाठांतर संपलं आणि ती नुसतीच बोलायला लागली. उन्हाळा फार आहे, ऑफिसात गार पाणी नाही, घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, मुलगा बरा आहे पण सासू कडक दिसते. मध्येच हे "हं" म्हणायचे. जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "जालें का?" मग तमिळमध्ये तेच विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण फोन ठेवताना ते म्हणाले, "कार्ड नको. लग्नाला यायचें बघतों."

विद्या मॅडम, म्हणजे आमच्या मॅनेजर, मीटिंगमध्ये एखादा मुद्दा मांडला की शेवटी "सो..." म्हणून सोडून देतात. एकदा त्या अशाच "सो..." म्हणून थांबल्या आणि पंचू सारांनी मान कलती केली. त्यांचा मान इतका, की मग कुणीच बोलेना. सगळे जण टेबलाभोवती बसून राहिलो. तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं, की आमच्या खिडकीबाहेर कडुनिंबावर कोकिळा ओरडते. लांबून लोकलचा भोंगा आला आणि विरला. एसीचं पाणी खालच्या पत्र्यावर ठिबकत होतं. डोळे उघडे असूनही आपण दुपारच्या झोपेत आहोत असं वाटायला लागलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. मग मॅडमच दचकून "झालं, झालं" म्हणाल्या. त्यांना मराठीतला तेवढाच एक शब्द येतो.

बाहेर पडताना त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "दोन-अडीच वर्षांपूर्वी हाच माणूस कुणाला बोलू द्यायचा नाही. तुझ्यापेक्षा वाईट होता."

"माझ्यापेक्षा म्हणजे?" असं मी विचारलं खरं, पण त्यांचं वाक्य संपायच्या आतच विचारलं.

आमची कंपनी एक डेटाबेस बनवते. त्यात एक्सएमएलचे दस्तऐवज राहतात. एक्सएमएल म्हणजे उघडायचं आणि मिटायचं लिखाण. प्रत्येक भागाला सुरुवातीला एक खूण, शेवटी एक खूण, आणि मध्ये मजकूर किंवा आणखी लहान भाग. जे उघडलं ते मिटलंच पाहिजे, एवढा साधा नियम. आतापर्यंत गिऱ्हाइकाने अख्खा दस्तऐवज तयार करून आमच्या हवाली करायचा अशी पद्धत होती. पण काहींचे दस्तऐवज इतके अजस्र, की ते अख्खे हातात धरताना त्यांच्याच मशीनची कंबर मोडायची. म्हणून ठरलं, की यापुढे तुकड्या-तुकड्याने घ्यायचं. पाठवणारा एकेक घटना कळवणार: दस्तऐवज सुरू झाला, हा भाग उघडला, हा घ्या मजकूर, हा भाग मिटला, दस्तऐवज संपला. आम्ही येईल तसं मांडून घ्यायचं. पुढचं दिसत नाही, मागे वळून विचारायचं नाही. या घटना आत घेणाऱ्या मेथड, म्हणजे प्रोग्रॅममधल्या आज्ञा, कशा असाव्यात, ते ठरवायचं काम पंचू सार दीड वर्ष करत होते. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या मदतीला मी आले.

त्यांच्या डिझाइनच्या पहिल्या पानावर केळीच्या पानाचं चित्र होतं. मी म्हटलं, "हे काय, चुकून आलं का?"

"तेंच डिझाइन," ते म्हणाले. "पान मांडलें म्हणजे सुरुवात. मग वाढपी येतो, एक एक जिन्नस. काय येणार, किती येणार, पानाला ठाऊक नाहीं. जेवणारा पान मिटतो, तें शेवट. पान मिटेपर्यंत जेवण चालूंच."

भांडण लागलं ते याच शेवटावरून. समजा, पाठवणाऱ्याने दस्तऐवज सुरू केला, दोन भाग उघडले, थोडा मजकूर दिला आणि मध्येच गप्प झाला. 'संपलं' असं काही म्हणाला नाही. आम्ही काय करायचं? माझं मत स्पष्ट होतं. तीस सेकंद थांबायचं आणि आलं तेवढं फेकून द्यायचं. अर्धवट दस्तऐवज उराशी धरून आमची मशीन कुठवर बसणार? सगळं जग असंच करतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मी "झालं" म्हटलं.

"गप्प जालें म्हणजे संपलें, असें कोणीं सांगट्लें तुला?"

"सर, पण तो मेला असेल तर?"

"आणि नसेल तर?"

आठवडाभर हेच चाललं होतं. त्यांचा आवाज कधी चढला नाही आणि माझा कधी उतरला नाही. शेवटी विद्या मॅडमनी निकाल दिला. सोमवारच्या बैठकीत दोघांनी मिळून एकच उत्तर आणा, नाहीतर हे सगळं प्रकरण या आवृत्तीतून गाळून टाकते. गाळलं असतं तर त्यांचं दीड वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं, आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत ते निवृत्त झालेले असणार. ते मला म्हणाले, "रविवारीं घरीं ये जेवायला. तिथें बोलूं. मामी पण भेटेल."

मला वाटलं, जेवणावर मला विरघळवायचा बेत आहे. मीही पुरती तयारी करून निघाले.

रविवारची, सारांच्या गावाकडे, आवडीला जाणारी गाडी जवळजवळ रिकामी होती. चित्तिरैचं, म्हणजे तमिळ चैत्राचं ऊन, पण खिडकीतून वारा येत होता, आणि समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र तोंडावर पांघरून झोपले होते. डब्यातल्या कड्या एका लयीत झुलत होत्या. आवडी यायच्या आत मीही पेंगले, आणि सगळे मुद्दे गाडीतच विसरून उतरले. फलाटावर पंचू सार छत्री घेऊन उभे होते.

मामींचं, म्हणजे सारांच्या बायकोचं, नाव कावेरी. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ये..."

मी गेले. त्यांच्या तोंडावर अजून काहीतरी हालत होतं. खोल विहिरीतून भरली बादली ओढावी तसा तो शब्द येत होता. पंचू सार मान कलती करून उभे होते. डोक्यावर पंखा फिरत होता.

"...बस," मामी म्हणाल्या. "जालें."

मी मटकन बसले. सारांच्या त्या थांबण्याचं मूळ आता कुठे माझ्या लक्षात आलं.

पूर्वी मामी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं बोलणं असं भरधाव असे, की मुलं शेवटी शेवटी वही मिटून नुसतं बघत राहत, असं पंचू सारांनी कौतुकाने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हात गेला, तो थोडा परत आला. शब्द गेले, तेही परत येताहेत, पण एकेक करून.

जमिनीवर केळीची पानं मांडली. सगळा स्वयंपाक सारांनीच केला होता. सांबार, दह्यातली डांगरपच्चडी, भाजी, भात. मी पोटभर जेवले आणि थांबले. ते आणखी भात घेऊन आले. इतका आग्रह मोडणार कसा, म्हणून मी तोही खाल्ला. ते पुन्हा आले. मग रसम, मग पुन्हा भात. माझा जीव घाबरा झाला. मामी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पान..."

"हो हो, पान भरून जेवले, फार छान झालंय!" मी वाक्य पुरं करून टाकलं. सारांनी खुशीने आणखी एक पळी सांबार ओतलं.

मामींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "...मिट," त्या म्हणाल्या. "जालें."

मी गडबडीने पान मिटलं आणि वाढप थांबलं. आमच्या सांगलीत पान मिटत नाहीत, आणि अख्खं डिझाइन वाचूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मामी आवाज न करता, खांदे हलवून हसत होत्या.

जेवणं आटोपली आणि वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, आणि घर एकदम शांत झालं. मामी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटून होत्या. मी आणि सार स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, नुसतीच चौकट होती.

सार भांड्याकडे बघतच बोलायला लागले. "ह्याच दिवसांत. मी मीटिंगमधें होतों. हिचा फोन आला. 'आज मला' म्हणाली, आणि थांबली. मी कधीं कुणाला थांबूं दिलें नाहीं, म्मा. तीस वर्षें हिचीं वाक्यें मींच पुरीं केलीं. म्हटलें, सेरी सेरी, मग सांग, आणि ठेवला फोन. दुपारीं शेजारीण आली, तों ही भुईवर पडलेली."

मी पुसलेलं ताट फळीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं.

"डॉक्टर म्हणाले, तिचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका, थांबा. थांबतों. सगळ्यांसाठींच थांबतों आतां, संवय लागली. पण तें एक वाक्य तसेंच उघडें आहे. 'आज मला' काय? बरें वाटत नाहीं, हेंच अस्णार. दुसरें काय अस्णार? हिला कधीं विचारलें नाहीं. भय वाटतें."

ते थांबले. मी त्यांच्या हातातलं भांडं घेऊन पुसायला लागले. तीस सेकंदांची माझी मर्यादा आठवली, आणि माझी मलाच लाज वाटली.

बाहेर गल्लीतून नुंगू विकणारा चालला होता. नुंगू म्हणजे आपले ताडगोळे. "नुंगू, नुंगेय्" असं ओरडत त्याची सायकल उन्हातून सावकाश पुढे गेली.

"अहो..." बाहेरून मामींची हाक आली.

सार ओल्या हातांनीच गेले आणि खुर्चीजवळ जमिनीवर बसले. मी चौकटीत उभी राहिले.

"त्या... दिवशीं..." मामी म्हणाल्या. "फोनवर..."

सारांची मान कलली. नुंगूवाल्याची हाक कोपऱ्यावरून ऐकू आली, मग आणखी लांबून. माझी तीस सेकंदं किती वेळा उलटून गेली कोण जाणे.

"आज... मला..." मामींनी डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. "...नुंगू... आणा." श्वास घेतला. "जालें."

सारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्या हातांमागे ते रडत होते की हसत होते, मला कळलं नाही. "नुंगू?" ते म्हणाले. "नुंगू सांगायला फोन केला होतास?" आणि एकदम उठले, पिशवी घेतली, एका पायात आपली आणि एका पायात माझी चप्पल घालून जिना उतरले. छत्री तिथेच राहिली. गल्लीतून त्यांचा "ओ नुंगूऽ" असा आवाज आला. एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

घरात मी आणि मामी उरलो.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. स्वयंपाकघरातला शब्द न् शब्द तिथे ऐकू येत असणार, हे बसल्याबरोबर कळलं, कारण तिथून नळाचा थेंबसुद्धा ऐकू येत होता. मी हळू आवाजात विचारलं, "मामी, त्या दिवशी खरंच नुंगूच सांगायचं होतं?"

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडात तीन वेगवेगळी उत्तरं तयार होती. ती तिन्ही मी गिळली. पडद्यावर ऊन सरकत होतं, कुठेतरी कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, आणि मी थांबले. इतका वेळ मी कुणासाठीच थांबले नसेन, आईसाठीसुद्धा नाही.

"आठवत..." मामी म्हणाल्या, "...नाहीं."

मी मान हलवली. पण त्यांच्या ओठांवर अजून काहीतरी येत होतं, म्हणून तशीच बसून राहिले.

"त्यांना... नुंगू... आवडतें." मग त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. "जालें."

सार घामाने निथळत परतले. पिशवीभर नुंगू होते, आणि माझी चप्पल धुळीने माखली होती. त्यांनी एकेक सोलून मामींना भरवला. मध्येच एखादा आपल्या तोंडात टाकायचे आणि लहान मुलासारखं बोटांवरून ओघळणारं पाणी चाटायचे. वीज आली, पंखा फिरायला लागला.

"ती तुझी मर्यादा," ते मला म्हणाले, "ठेव कीं."

"नको सर, मी काढूनच टाकते."

"ठेव. मशीनला घाई अस्ते. फक्त फेकूं नको. गप्प जाला, तर त्याचें आलें तेवढें बाजूला नीट ठेवायचें. मागाहून आला, तर तिथूनच पुढें. आणि कंटाळला, तर फेका असें त्यानेंच सांगावें. आपण नव्हे."

इतकं साधं उत्तर आम्हाला आठवडाभर सापडलं नव्हतं. सोमवारी बैठकीत मी तेच मांडलं आणि शेवटी "झालं" म्हटलं. विद्या मॅडमनी लगेच होकार दिला, आणि पहिल्या पानावरचं केळीचं पान तसंच राहिलं.

पण त्या दुपारी मी निघाले तेव्हा सार मला जिन्यापर्यंत सोडायला आले. किती वर्षांनी मोकळा झालाय हा माणूस, असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं. मी चप्पल झटकत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मी नसतांना ही कांहीं म्हणाली का?"

दाराच्या चौकटीतून मामी दिसत होत्या. त्यांच्या तोंडात नुंगू होता आणि डोळे माझ्यावर.

"नाही," मी म्हटलं.

त्यांची मान डावीकडे कलली. त्यांनी वाट बघितली. मीही त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

"जालें का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि जिना उतरले.